वरची यष्टी

जी गोष्ट स्वतःला अजिबात येत नाही ती दुसऱ्याला शिकवण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि देवाची माझ्यावर थोडी जरी मर्जी असली तर यापुढं होणारही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार वडनेर भोलजी, धंदा वांगी-मिरची-मेथीचा मळा, आणि मुख्य काम शिकवणे. मी मेहकरला शाळेत मास्तर. म्हणजे शिकवण्याचा पगार मी घ्यायचो आणि हौस ते भागवून घ्यायचे. पोहता येत नसताना, विहिरीच्या काठावर उभं राहून, धोतराचा सोगासुद्धा न भिजवता त्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं. गाव शिकलं, हे विशेष. सायकलवर ते जन्मात बसले नाहीत. पण मला सायकल त्यांनीच शिकवली, आणि माझा डावा गुडघा थंडीच्या दिवसांत अजून त्यांची आठवण काढतो. माझ्या बायकोला भाकरी थापायला शिकवताना ते चुलीपासून बरेच लांब, बाजेवर आडवे होते. एकदा मी न राहवून विचारलं, "भाऊ, तुम्हाला येतं का हो हे?" तर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, ज्याले येते तो करते. शिकवाले रिकामा मानूसच लागते." त्यांच्याशी बोलून काही उपयोग होतो, हा समज मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडून दिला होता.

माणूस बायको पाहायला जातो तेव्हा तिचा रंग पाहतो, नाकडोळे पाहतो, फार तर सासऱ्याची शेती पाहतो. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोण पाहतो? तो पाहायला हवा होता, असं मला आयुष्यभर वाटत आलं. कारण साडूंचं कार्ड यायचं, त्यावर एकच ओळ असायची : 'ताबडतोब निघून येणे, काळजीचे कारण नाही.' काळजीचं कारण नाही म्हटल्यावर कोणाचा जीव थाऱ्यावर राहील? मी शनिवारची अर्धी शाळा आटोपून मेहकरहून खामगावला, खामगावहून नांदुऱ्याला आणि तिथून वडनेरला, अशा गाड्या बदलत, अंगावर तिन्ही तालुक्यांची धूळ घेऊन पोचायचो. आणि साडू शांतपणे म्हणायचे, "आलात? बरं झालं. हा दोर धरा." दोर कशाचा, कशाला धरायचा, हे विचारायचं त्राणही माझ्यात उरलेलं नसे. मी दोर धरायचो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, जो तो म्हणायचा आता नवे दिवस आले. माझे रविवार मात्र साडूंच्या मळ्यात दोर धरण्यात जात होते.

त्यातल्या एका वर्षाची गोष्ट सांगतो. आमच्या बायकांच्या सर्वांत धाकट्या बहिणीचा नवरा इंजिनियर, आफ्रिकेत नैरोबीला नोकरीला. त्यांची मुलगी नली जन्मली तीच मुळी अशक्त. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात हिला दूरच्या प्रवासाला नेऊ नका. म्हणून तिची आई तिला थोरल्या बहिणीकडं वडनेरला ठेवून गेली, एका उन्हाळ्यापुरती. उन्हाळ्याचा पावसाळा झाला, पावसाळ्याची वर्षं झाली. नली मळ्यातल्या वाफ्यांमधून रांगली, मिरचीच्या ढिगाशेजारी चालायला लागली आणि साडूंना मोठेबाबा व त्यांच्या बायकोला मोठीआई म्हणू लागली. साडूंना मूलबाळ नव्हतं. हे वाक्य मी एवढ्यावरच सोडतो.

नली पाच वर्षांची झाल्यावर तिची आई तिला न्यायला मुंबईला आली. आम्ही सगळं गणगोत मलकापूरला गाडीत बसून पोचवायला गेलो. परदेशी जाणारं माणूस म्हणजे केवढा सोहळा! नलीच्या कपाळावर मळवट भरावा एवढं कुंकू, गळ्यात गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार, आणि सांताक्रूझच्या विमानतळावर आम्ही सगळे रांगेत उभं राहून रडतोय. नलीनं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा गळ्यातल्या हाराकडं पाहिलं, मग समोरच्या विमानाकडं पाहिलं, आणि असा टाहो फोडला की हमालांनी ट्रंका खाली ठेवल्या. साडूंच्या पायाला तिनं मारलेली मिठी चार माणसांना सुटली नाही. हां हां म्हणता अंगात ताप भरला. शेवटी तिची आई एकटीच परत गेली. जाताना साडूंना म्हणाली, "भाऊजी, तुम्हालाच तिला पाठवायचं नाही. तुम्हीच तिच्या मनात भीती भरवली. पुढच्या वर्षी मी परत येईन. तेव्हाही ती आली नाही, तर समजेन की मुलगी तुमचीच झाली."

साडू मुंबईपासून मलकापूरपर्यंत नलीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत बसले. नली त्यांच्या मांडीवर झोपलेली. फलाटावर उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, पुढल्या साली पोट्टी हासत जाईन. मी शिकवतो तिले इमानात बसाले." विमान त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहणं अजून बाकी होतं. पण एक गोष्ट मला तेव्हाच कळली, आणि ती तुम्हीही ध्यानात घ्या. त्यांनी काही केलं नसतं, नुसते हातावर हात ठेवून वर्षभर बसले असते, तरी मुलगी त्यांची होती. कोणी नाव ठेवलं नसतं. आणि हा गृहस्थ तिला घालवून देण्याच्या कामाला कंबर कसून लागला.

मग कार्डांचा पाऊस सुरू झाला. पहिलं कार्ड उंचीचं. नलीला उंचीची भीती वाटत असणार, असं साडूंनी ठरवलं होतं. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला बांधलेल्या उंच माळ्यावर ते तिला घेऊन चढले. नली वर नाचली, गोफण फिरवली, सरसर खाली उतरून हुरडा खायला पळालीसुद्धा. साडू वरच. त्यांना भोवळ आली होती. डोळे घट्ट मिटून ते वरून मला सूचना देत होते, "तिले इचारा, भेव गेलं का?" त्यांना उतरवायला शेजारच्या शेतातले गडी आणि बैलगाडीचं जू लागलं. दुसरं कार्ड आवाजाचं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला तिला टेकवून बसवायचं, म्हणजे विमानाच्या आवाजाची सवय होईल. नली इंजिनाच्या धडधडीत गाढ झोपली. साडूंना मात्र आठवडाभर ऐकू येईना आणि बायकोशी ते खुणांनी भांडत होते. तिसरं कार्ड पोटात गोळा येण्याचं. निंबाला झोका बांधला, ढकलायला मी. नली म्हणते, "अजून उच्ची, मावसाजी, अजून उच्ची!" आणि साडू 'हे असं बसाचं' म्हणून दाखवायला बसले ते दोन झोक्यांत सकाळचं सगळं ओकले.

कळस झाला तो दमणीचा. दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी गाडी. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी घरातली, शेजारची आणि वाण्याकडून उसनी आणलेली सुपं ओळीनं बांधून पंख केले. मी मागं शेपटी धरून पळायचं. शेपटी म्हणजे चटई. बैलांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि जे उधळले ते थेट शेजाऱ्याच्या वांग्यांत थांबले. मी वाटेतच गळालो होतो. पोचलो तेव्हा साडू वांग्यांत बसून अंगावरचे काटे काढत होते, शेजारी शिव्या देत होता, आणि नली टाळ्या पिटत होती : "अजून एक डाव, मोठेबाबा!"

थोडक्यात काय, ही मुलगी उंचीला भीत नव्हती, आवाजाला भीत नव्हती, वेगाला तर नाहीच नाही. पण कोणी नुसतं 'विमान' म्हणालं, आमच्याकडच्या बोलीत 'इमान' म्हणालं, की तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडायचा. खेळ टाकून ती बाजेखाली जाऊन बसायची. एकदा आभाळातून खरंच एक विमान गेलं, तर ती मोठीआईच्या लुगड्यात शिरली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. वर्ष सरत चाललं होतं. साडूंचे गाल बसले. मीही शिणलो होतो. मेहकरच्या हेडमास्तरांनी माझे रजेचे अर्ज पाहून मला विचारलं होतं, की तुमचे साडू इतके दिवस आजारी आहेत ते नेमके कशानं?

मग एका दुपारी मी आणि नली ओसरीवर वाळल्या मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. दोघांनाही शिंका येत होत्या. मध्येच हात थांबवून तिनं हळूच विचारलं, "मावसाजी, मले इमानात बसवून नेतीन, का आडवं?"

मी म्हटलं, "आडवं कशाला नेतील, बेटा?"

"मले तं भजन येत नाही नं."

मला उलगडा होईना. ती माझी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आबाले भजन येत होतं, म्हनून बसवून नेलं. हार घातला, कुंकू लावलं, सारे रडले. आबा इमानात गेले. वापस कुठी आले?"

आबा म्हणजे साडूंचे वडील. गावातले जुने भजनी. आमच्या त्या भागात अशा पिकल्या पानाला आडवं नेत नाहीत. केळीचे खांब लावून, झेंडूच्या माळा सोडून सजवलेल्या आसनावर बसवून टाळमृदंगात नेतात, आणि त्या आसनाला लोक विमानच म्हणतात. नली तेव्हा चार वर्षांची असेल, मळ्यातल्या गड्याच्या खांद्यावर बसून तिनं सगळं पाहिलं होतं. त्यानंतर वर्षभरानं आम्ही तिला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि रडत रडत म्हणालो, चल, विमानात बस! माझ्या हातातली मिरची हातातच राहिली.

मागं काहीतरी पडलं म्हणून वळून पाहिलं. साडू मेथीची पाटी घेऊन आले होते आणि ती त्यांच्या हातून सुटली होती. ते तिथंच पायरीवर बसले. "म्याच सांगतलं होतं तिले," ते म्हणाले. "बाबा गेले तवा रडून राह्यली होती नं थे. म्हनलं, रडू नोको माय, आबा इमानात बसून गेले, चांगल्या जागी गेले." मग सांडलेली मेथी गोळा करता करता, "साळी खरंच बोलली होती, मास्तर. भेव म्याच भरवलं." त्या दिवशी त्यांनी कोणाला काही शिकवलं नाही. मला फार वाईट वाटलं. दोर धरा म्हणाले असते तर मी आनंदानं धरला असता.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, टोपी घालून त्यांनी घरात जाहीर केलं, "आजपासून या घरात इमान हा शब्द बंद. इमान आबाचं. नली जाईन थे वरची यष्टी हाय." नलीनं विचारलं, वरची म्हणजे? "म्हंजे फाट्यावर येते नं, तशीच. डायवर हाय, कंडक्टर हाय, तिकीट हाय. खाली गर्दी झाली म्हनून वरून सोडून राह्यले." मी भाषेचा मास्तर, राहवेना म्हणून म्हटलं, "भाऊ, पण शब्द विमान आहे." ते म्हणाले, "तुमचा शब्द बरोबर हाय. पन त्या शब्दात आमचे बाबा बसून गेले. आता थ्याच्यात पोट्टी बसत नाही." त्या दिवसापासून मीही वरची यष्टीच म्हणू लागलो.

घरात बंद झालेला शब्द आठवड्यात गावात बंद झाला. दाढी करताना न्हावी चुकून 'इमान' म्हणाला तर साडू अर्ध्या गालाला साबण घेऊन दुकानातून उठून आले. कीर्तनाला आलेल्या बुवांनाही त्यांनी वेशीवरच गाठलं. बिचाऱ्यांनी त्या खेपेला साऱ्या संतांना पायी वैकुंठाला धाडलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ साडू नलीला घेऊन फाट्यावर. सकाळची यष्टी मलकापूरकडं गेली की विचारायचं, "गेली?" "गेली." "येईन का?" "काय मालूम?" संध्याकाळी तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच कंडक्टर परत. "आली?" "आली!" हळूहळू 'काय मालूम'च्या जागी 'येईन नं' आलं. मग साडू तिला बाजाराला नेऊ लागले. बाजाराच्या दिवशी यष्टीला ही गर्दी, साडू तिला खिडकीतून आत सोडायचे, ती बाकावर रुमाल टाकून हात पसरून उभी राहायची आणि दांडग्या दांडग्या माणसांना दटावायची, "बसू नोका, हे माह्या मोठेबाबाची जागा हाय!" जागा धरायच्या घाईत भिण्याला सवडच नसायची. गाडी कुठं निघाली आहे हेसुद्धा ती विचारीनाशी झाली.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, यष्टी परत येते हे खरं. पण नली..." ते मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "येईन. मोठी होऊन येईन. म्या कुठी लबाड सांगतलं?" पण जुडी काही त्यांना बांधता येईना. शेवटी ती मीच बांधून दिली.

जायच्या दिवशी मोठीआई घरीच राहिली, कारण रडायचं नाही असं ठरलं होतं. नली निघाली तेव्हा 'लवकर येजो' एवढं म्हणून ती वळली आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडू लागली. मुंबईला आम्ही तिघंच. तिची आई वाट पाहत होती, हातात भलामोठा झेंडूचा हार. साडूंनी तो घारीसारखा झडप घालून घेतला आणि माझ्या गळ्यात घातला. सांताक्रूझच्या विमानतळावर मी हार घालून हिंडत होतो आणि लोक मला परदेशी जाण्याच्या शुभेच्छा देत होते. "भाऊजी, विमान..." असं ती बिचारी म्हणू लागली की साडू मोठ्यानं खोकायचे. शेवटी कोपऱ्यात नेऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं. स्वतःचं चुकलं तेही सांगितलं. मग डोळे पुसून, नैरोबीच्या त्या इंजिनियरीणबाई सगळ्या साहेबलोकांच्या देखत मोठ्यानं म्हणाल्या, "चल नले, वरची यष्टी लागली!"

कठड्यापलीकडं आम्हाला जाता येत नव्हतं. नली थबकली. साडूंचा हात धरून वर बघू लागली. मला वाटलं, संपलं, आता मिठी मारणार. साडू खाली वाकले, खिशातला रुमाल काढून तिच्या मुठीत दिला आणि म्हणाले, "अवं, पाह्यतं काय? केवढी गर्दी हाय! पय, जागा धर!"

आणि ती पळाली. आईचा हात ओढत, मोठ्या माणसांच्या कमरांखालून वाट काढत, पार शिडीपर्यंत पळाली. शिडीच्या टोकाशी वळून काहीतरी ओरडली. आवाजात ऐकू आलं नाही, पण 'खिडकीची' असं काहीतरी असावं. तिनं रुमाल हलवला. साडूंनी टोपी हलवली, "आलो, आलो!" म्हणाले, आणि हसले. खरंच हसले. मग ती आत गेली, शिडी काढली, आणि साडू टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. विमान वर जाऊन दिसेनासं झालं तरी ते उभेच.

शेवटी टोपी डोक्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, जागा धरली असन नं तिनं?"

"धरली असेल," मी म्हटलं.

"रिकामी जागा पाहून रडन."

"रिकामी कशी राहील? तिची आई बसेल ना शेजारी."

त्यांनी मान हलवली. "हाव," ते म्हणाले, "आईच बसन. जागा तिचीच होती, मास्तर. म्या तं नुसता रुमाल टाकून ठेवला होता."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं सावकाश बाहेर आलो.